राजस्थानातलं पोटॅश 'नुसतं खणायचं' नाही

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस आले की निफाड-दिंडोरीकडच्या कृषी सेवा केंद्रांत एक वाक्य हमखास कानावर पडतं. पोटॅशच्या गोणीचा भाव ऐकून कुणीतरी म्हणतं, "राजस्थानात ढिगानं पोटॅश सापडलंय. सगळं वाळवंट आहे, कुणाचं काय जातंय? नुसतं खणायचं, तर सरकार परदेशातून आणत बसलंय." आजूबाजूचे माना डोलावतात. यंदाही हे तीनदा ऐकलं, म्हणून लिहितो आहे.

या वाक्यातलं 'सापडलंय' तेवढं खरं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला नागौर-गंगानगर खोऱ्यात पोटॅश आढळलं ते १९७०च्या दशकात. साठा सुमारे २,५०० दशलक्ष टन सांगितला जातो. पण त्यातलं पोटॅशियम सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास आहे. आपण ज्या कॅनडातून पोटॅश घेतो, तिथल्या सस्कॅचवान प्रांतातल्या खनिजात हे प्रमाण कित्येक पट जास्त आहे. शिवाय राजस्थानातलं बरंचसं पोटॅश 'पॉलिहॅलाइट' या खनिजात अडकलेलं आहे. तो सल्फेट क्षार आहे आणि पाण्यात साध्या पोटॅशियम क्लोराइडइतका सहज विरघळत नाही.

विरघळण्याचा मुद्दा इथे का यावा? कारण तिथे खणायचं नाहीच, विरघळवायचं आहे. थर जमिनीखाली साधारण ५०० ते ७०० मीटरवर आहेत आणि 'सोल्युशन मायनिंग' हा त्यासाठी विचारात असलेला मार्ग आहे. बोअर घेऊन गरम पाणी खाली सोडायचं, क्षार विरघळले की ते खारं पाणी वर उपसायचं आणि बाष्पीभवन व स्फटिकीकरण करून पोटॅश वेगळं काढायचं. सस्कॅचवानच्या बेल प्लेनमध्ये १९६४ पासून हे चालू आहे. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये त्रिपक्षीय करार झाला. त्यात नागपुरात मुख्यालय असलेलं खनिज अन्वेषण महामंडळ, राजस्थानची सरकारी खाण कंपनी आणि तिथला खाण विभाग होते. करार होता तो ही पद्धत तिथे जमेल का, हे तपासण्याचा. २०२५ मध्ये हनुमानगढकडच्या ब्लॉकच्या लिलावात हिंदुस्थान झिंक आणि ऑइल इंडिया यांची निवड झाली, पण तो परवानाही आधी शोध आणि मग खाण असा आहे. गोणी अजून लांब आहे.

मला खरी चीड येते ती 'वाळवंट आहे, कुणाचं काय जातंय' या शब्दांची. हनुमानगढ आणि श्रीगंगानगर हे कालव्याचे जिल्हे आहेत. इंदिरा गांधी कालवा, भाखडा, गंग नहर. गहू, कापूस, मोहरी पिकते, गंगानगरात किन्नूच्या बागा आहेत. तिथला शेतकरी पाण्याची 'बारी' तशीच मोजतो जशी आपण आवर्तनाची तारीख मोजतो, आणि दुरुस्तीसाठी नहरबंदी झाली की त्याचाही जीव टांगणीला लागतो. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की आपल्या जिल्ह्यात काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मग त्याच्या कालव्यातून खाणीला किती गोडं पाणी जाणार, तिथल्या भूगर्भातलं खारं पाणी वापरता येईल का, हे त्याने विचारलं तर त्याला विकासविरोधी कसं म्हणायचं?

दुसरा प्रश्न मिठाचा. पोटॅशबरोबर मीठही वर येतं आणि ते कुठेतरी ठेवावं लागतं. जर्मनीत पोटॅश उद्योगाच्या खाऱ्या सांडपाण्याने वेरा नदी कित्येक दशकं खारी राहिली. हनुमानगढ-गंगानगरकडे कालव्याच्या काही भागात पाणी साचून जमिनी आधीच खारावल्या आहेत, तिथे तर हा प्रश्न पहिल्याच बैठकीत यायला हवा.

इथेच आणखी एक समज: 'जनसुनावणी होतेच की.' २००६च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार मोठ्या खाणींना ती होती, तीस दिवस आधी नोटीस देऊन. पण ८ सप्टेंबर २०२५च्या पत्रकाने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजं आणि महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना त्यातून सूट दिली. पोटॅश २०२३ पासून खाण कायद्यातल्या महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आहे. म्हणजे गावकऱ्यांना बोलावून ऐकणं कंपनीच्या मर्जीवर राहिलं. माझ्या मते ही चूक आहे. खाणीचं वय दशकांत मोजतात, तिला शेजारी रुसलेले परवडत नाहीत.

बाकीचे समज थोडक्यात. 'आम्ल सोडतात, सुरुंग लावतात': नाही, काम पाण्याचं आणि मिठाच्या द्रावणाचं आहे. 'पोकळी झाली की गाव गडप': खांब राखून आखणी केली तर खचणं हळू आणि मोजता येण्याजोगं असतं, पण ते शून्य नसतं, म्हणून मोजणीचे आकडे गावाला मिळायला हवेत. 'देशी म्हणजे स्वस्त': तसं नाही, कमी प्रतीचं खनिज आणि पाणी तापवण्याचा खर्च धरावाच लागेल. 'आपल्याकडे पोटॅश तयारच होत नाही': मळीपासून होतं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतल्या राखेपासून १४.५ टक्क्यांचं खत बनतं, आणि २०२१ पासून त्याला अनुदानही आहे. 'झिरो झिरो फिफ्टी हे पोटॅशचं खत जितकं जास्त तितका द्राक्षाचा मणी गोड': आधी देठ परीक्षण करा.

द्राक्ष आणि कांदा उत्पादकांच्या संघटना दरवर्षी खतांच्या भावाबद्दल निवेदनं देतात. यंदाच्या निवेदनात एक मागणी वाढवा: हनुमानगढच्या शेतकऱ्यांची जनसुनावणी पुन्हा सुरू करा.