आधी विचारा, मग खा

मॉरिस नावाच्या बोक्याला एक सवय आहे. उंदीर पंजात सापडला की तो आधी विचारतो, बाबा रे, तुला बोलता येतं का? समोरून नुसतं चीं चीं आलं, तरच पुढचा कार्यक्रम. दहा वर्षांचं पोर इथे खिदळतं. मोठी माणसंही हसतात आणि पान उलटतात.

टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची ‘द अमेझिंग मॉरिस अँड हिज एज्युकेटेड रोडन्ट्स’ ही कादंबरी 2001 साली आली. त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेतलं हे अठ्ठाविसावं पुस्तक, पण मुलांसाठी लिहिलेलं पहिलंच. ब्रिटनमधल्या ग्रंथपालांतर्फे दिलं जाणारं कार्नेगी पदक त्याला मिळालं. गोष्ट अशी: जादूगारांच्या विद्यापीठामागच्या उकिरड्यावर चरून काही उंदरांना अक्कल येते, वाचा फुटते. त्यांनी स्वतःची नावं ठेवलीत ती डबाबंद खाण्याच्या लेबलांवरून, अर्थ कळायच्या आधी, नुसता आवाज आवडला म्हणून. त्यामुळे त्यांच्यातल्या दृष्टी अधू झालेल्या पांढऱ्या तत्त्वज्ञाचं नाव आहे डेंजरस बीन्स. हे उंदीर गावात शिरून धुमाकूळ घालतात, मग कीथ नावाचा मुलगा बासरी वाजवत त्यांना ‘बाहेर काढतो’, गावकरी पैसे मोजतात. व्यवस्थापक अर्थात मॉरिस.

ही लबाडी हॅम्लिनच्या पुंगीवाल्यावरून घेतली आहे हे उघड आहे. आता मूळ कथेकडे पाहा, कारण ती प्रॅचेटपेक्षा काळी आहे. जर्मनीतल्या वेझर नदीकाठच्या या गावातून 26 जून 1284 या दिवशी 130 मुलं नाहीशी झाली, असं तिथली परंपरा सांगते. जुन्या नोंदींत उंदीर नाहीतच! फक्त मुलं आणि त्यांना घेऊन जाणारा वादक. उंदीर कथेत शिरले ते सोळाव्या शतकात. तिथल्या एका गल्लीत आजही वाद्य वाजवत नाहीत. कारण कोणालाच ठाऊक नसलेली एक भीती, आणि तिला हसू येण्याजोगी शेपटी जोडली गेली ती जवळजवळ तीनशे वर्षांनी. प्रॅचेट पुढे जाऊन कथा उंदरांच्याच बाजूने सांगतो.

आणि उंदीर विचार करू लागले की काय होतं? पंचाईत होते. मेलेल्या भाईबंदाला खायचं, ही त्यांची जुनी रीत. आता ते बरं दिसतं का? अंधाराची भीती कधी वाटली नव्हती, ती आता वाटते, कारण अंधारात काय असेल याची कल्पना करता येते. ते कायदे लिहायला घेतात. एका उंदराने दुसऱ्याला मारू नये, हा कायदा आणि जिथे खायचं तिथे मुतू नये, हा कायदा, दोन्ही एकाच यादीत, सारख्याच गांभीर्याने. सापळे निकामी करणारी त्यांची एक तुकडी आहे. चूक झाली तर काय होतं हे तिथे नवशिक्यांना अगदी थंडपणे शिकवलं जातं. कपडे घातलेल्या सशाचं एक गोडगोड चित्रमय पुस्तक त्यांना सापडलंय, आणि माणसं-प्राणी गुण्यागोविंदाने राहतात असा एक देश खरोखर आहे, असा त्यांचा विश्वास बसलाय. ते पोरांसाठी रचलेलं आहे, असं एक मुलगी त्यांना सहज सांगून टाकते. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात क्रूर प्रसंग हा, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही.

मुलांच्या काळ्या विनोदाचं मर्म मला इथे दिसतं. कडू गोळीला लावलेली साखर म्हणून हा विनोद येत नाही. लेखक एक हास्यास्पद गोष्ट गंभीरपणे घेतो आणि तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा करतो. मॉरिसची ती सवयच घ्या (पुस्तक वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा): त्याला स्वतःला अक्कल कशी आली? अक्कल आलेला एक उंदीर खाऊन. तेव्हा त्याने विचारलं नव्हतं.

रोआल्ड डालच्या ‘द विचेस’मध्ये (1983) हीच तऱ्हा. चेटकिणी मुलाला उंदीर करतात, धमाल येते. पण तो पुन्हा माणूस होतच नाही. असा उंदीर-माणूस नऊएक वर्षं जगेल, आणि आजी शहाऐंशी वर्षांची. हिशेब जमतोय म्हणून पोरगा खूश! 1990 च्या चित्रपटात त्याला परत माणूस केलं, आणि डाल नाराज झाला. मी डालच्या बाजूने. भोपळ्यात बसून जाणारी आपली म्हातारी ‘आता हाडकुळी आहे, लठ्ठ होऊन येते, मग खा’ असं वाघाला सांगते, ते तीन वर्षांच्या पोरांनाही झेपतंच की.

विनोद थांबतो ती जागाही पाहण्यासारखी आहे. जर्मनीत आल्टेनबुर्गच्या संग्रहालयात 1828 साली सापडलेला ‘उंदीरराजा’ आहे: शेपट्या एकमेकींत गुंतलेले 32 वाळलेले उंदीर. तसाच एक प्रॅचेटच्या कादंबरीत, गावातल्या एका तळघरात आहे, आठ जिवांचा, माणसांनी मुद्दाम शेपट्या बांधून घडवलेला. त्याला विनोद कळत नाही.

त्याचा निकाल लागल्यावरही गोष्ट संपत नाही. गाव आणि उंदीर वाटाघाटींना बसतात. उंदरांचा नवा पुढारी आणि गावचा नगराध्यक्ष, दोघेही दमलेले, लोक सारख्या तक्रारी घेऊन येतात त्याचं काय करायचं, याबद्दल बोलत बसतात.