‘खरी माया’ कोण बोलतं?

आज एकच प्रश्न घेऊ. लोकांना आपल्या भाषेचा अभिमान असला, म्हणजे ती पुढच्या पिढीकडे आपोआप जाते का?

त्यासाठी मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात जाऊ. तिथली भाषा युकातेक माया. बोलणारे तिला नुसतं ‘माया’ म्हणतात. 2020 च्या जनगणनेत तिचे सुमारे पावणेआठ लाख भाषक नोंदले गेले. मेक्सिकोच्या मूळ भाषांत नावात्लनंतर हिचाच क्रमांक. 2003 च्या कायद्यानं अशा भाषांना राष्ट्रीय भाषा मानलं. असं असूनही अनेक घरांत आईवडील एकमेकांशी माया बोलतात आणि मुलाकडे वळले, की स्पॅनिश सुरू होतं. असं का?

एक कारण उघड आहे. शाळा स्पॅनिशमध्ये, आणि मेरिदा-कान्कूनमधली नोकरीही स्पॅनिशवर मिळते. दुसरं कारण मात्र लोकांच्या मनात आहे. ‘हच माया’ म्हणजे अस्सल माया; ती पूर्वज बोलायचे, किंवा दूरच्या गावात बोलतात. आणि आपण बोलतो ती? ती ‘शेएक’, म्हणजे मिसळ! पुरावाही देतात: बहुतेक जण चारपर्यंत मायात मोजतात आणि पाचपासून स्पॅनिशमध्ये.

आता गंमत बघा. युकातानच्या स्पॅनिशमध्येही माया शब्द आहेत. बेंबीला ‘तुच’ म्हणतात, तळाशी उरलेल्या गाळाला ‘शिश’. पण म्हणून आपलं स्पॅनिश खोटं, असं कुणी म्हणत नाही. मायात तर स्पॅनिश क्रियापद उचललं, तरी प्रत्यय मायाचेच लागतात. म्हणजे व्याकरण शाबूत आहे. डळमळतो तो बोलणाऱ्याचा विश्वास. त्यात शुद्ध भाषेचे आग्रही जुने शब्द परत आणतात, नवे घडवतात. ते घरच्या आजीलाच कळत नाहीत, मग तिला वाटतं, आपल्याला माया येतच नाही. जी भाषा ‘खरी’ नाही असं वाटतं, ती नातवाला कोण शिकवणार?

इथे एक संशोधन उपयोगी पडतं. लॉरा श्नायडमन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी 2012 मध्ये युकातानच्या एका माया खेड्यातल्या लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांशी थेट बोललं जातं कमी. कानावर पडतं ते बरंचसं इतरांचं आपापसातलं बोलणं. तरीही तीन वर्षांच्या सुमाराला मुलाचा शब्दसंग्रह किती असेल, याचा अंदाज मोठी माणसं त्याच्याशी थेट किती बोलली होती, त्यावरूनच बांधता आला. नुसत्या कानावर पडलेल्या बोलण्यावरून नाही.

आता हे मघाच्या घराला लावून पाहा. माया कानावर पडते, पण मुलाच्या वाट्याला स्पॅनिश येतं. असं मूल बहुधा माया समजतं, पण उत्तर स्पॅनिशमध्ये देतं. म्हणून कायदा हवा, पुस्तकं हवीत, हे खरंच. पण आधी त्या आजीला कुणीतरी सांगायला हवं, की बाई, तुझी ‘शेएक’ हीच खरी माया आहे. नातवाशी तीच बोल.

पुढच्या व्याख्यानात ग्वाटेमालात जाऊ. तिथे एक नाही, 22 माया भाषा आहेत.