रोब्लॉक्समध्ये लो पॉली डोंगर: दोन वेजची करामत

रोब्लॉक्स स्टुडिओत लो पॉली, म्हणजे मोजक्या सपाट पैलूंचा, डोंगर उभा करायला ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअर यायलाच हवं असं नाही. ठोकळा, गोल, सिलिंडर, वेज आणि कॉर्नर वेज हे साधे पार्ट तिथे आयतेच मिळतात. खरी करामत वेजची, म्हणजे पाचरीची. तिची बाजू म्हणजे काटकोन त्रिकोण. आता शाळेतली भूमिती आठवा: कुठल्याही त्रिकोणाच्या सर्वांत लांब बाजूवर समोरच्या कोपऱ्यातून लंब टाकला की दोन काटकोन त्रिकोण होतात. म्हणजे दोन पातळ वेजच्या उभ्या कडा एकमेकींना टेकवल्या की हवा तो त्रिकोण तयार! असे त्रिकोण कडेला कड भिडवत गेलं की डोंगर, खडक, दरी, काहीही जमतं. हाताने फिरवत बसणं महाकंटाळवाणं. तीन बिंदू दिले की वेज बसवून देणारे प्लगइन आहेत, ते खुशाल वापरा.

मटेरियल मात्र स्मूथ प्लास्टिकच. गवताचा, लाकडाचा पोत दिला की मजा गेली. सगळीकडे एकच रंगही फासू नका, शेजारच्या पैलूंना त्याच रंगाची किंचित गडद-फिकी छटा द्या.

झाडासाठी एक उभा ठोकळा आणि वर तीन-चार तिरके ठोकळे एकमेकांत घुसवलेले, बस्स. गोल टाळा, त्याला पैलूच नसतात. पानांच्या ठोकळ्यांचं कॅनकोलाइड हे सेटिंग बंद ठेवा, नाहीतर खेळाडू त्यांना धडकत बसतो. आणि हो, प्ले दाबण्याआधी सगळं अँकर करा, म्हणजे जागेवर खिळवा, नाहीतर डोंगर गडगडलाच म्हणून समजा!