शहरातला पगार मोजताना वाटेतला वेळही मोजा



आपले शेत किती लांब, असे कोणी विचारले तर आपण म्हणतो, "हे काय, ओढ्यापलीकडे." शहरातल्या नोकरदाराला घर किती लांब म्हणून विचारा, तो मैल सांगत नाही, मिनिटे सांगतो. आपली मुले आता शहरात नोकरीला जातात. तेव्हा ही मिनिटे आपणही समजून घ्यायला हवीत.

गेल्या उन्हाळ्यात एक ओळखीचे शेतकरी पती-पत्नी माझ्याकडे आले. मुलाला दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या. एक मुंबईत फोर्ट भागातल्या कचेरीत, दुसरी नाशिकला सातपूरच्या कारखान्यात. मुंबईचा पगार महिना चार हजारांनी जास्त. "साहेब, यात विचार तो कसला? मुंबईच बरी," गृहस्थ म्हणाले. मी विचारले, "राहणार कुठे?" "बदलापूरला, मावशीकडे."

मग आम्ही कागद-पेन्सिल घेतली. बदलापूर ते मुंबईचे शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. लोकलला सुमारे दीड तास. घरातून स्टेशन, गाडीची वाट, पुढे कचेरीपर्यंत चालणे धरले तर दोन तास. येऊन-जाऊन रोज चार. महिन्याचे २५ दिवस धरा, १०० तास झाले! नाशिकला कारखान्याजवळ खोली, जायला अर्धा तास. महिन्याचे २५ तास. फरक ७५ तासांचा. चार हजारांना ७५ ने भागले, तर तासाला ५३ रुपये पडले. "ही तर खुरपणीची मजुरी झाली, तीही गर्दीत उभे राहून," गृहस्थ हळूच म्हणाले. माउली इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच विचारले, "म्हणजे पोरगा गरम जेवणार कधी?"

शहराशहरांत हा वेळ इतका वेगळा का? कारणे मुख्यतः दोन. पहिले अंतर, दुसरे वेग. मुंबई समुद्रात शिरलेली लांबट, अरुंद जमीन. जुन्या कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि परवडणारी घरे उत्तरेला. चर्चगेट ते विरार हेच अंतर ६० किलोमीटर आहे. पुण्याचे दुखणे निराळे. तिथे अंतर तेवढे नाही, पण रस्ते तुंबतात. टॉमटॉम या नेदरलँड्समधील कंपनीने २०२४ सालच्या वाहतुकीची मोजणी केली. मोटारीने १० किलोमीटर जायला पुण्यात सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागली, तर मुंबईत २९ मिनिटे २६ सेकंद. कोलकात्याला ३४ मिनिटे ३३ सेकंद आणि बंगळुरूला ३४ मिनिटे १० सेकंद. म्हणजे मुंबईची मोटार पुण्याच्या मोटारीपेक्षा किंचित वेगाने धावते. पण मुंबईच्या माणसाला जायचे असते दूर.

रेल्वे-मेट्रोने हे चित्र पालटते. मुंबईत वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. रस्त्याने गर्दीच्या वेळी तासाहून अधिक खाणारे हे ११ किलोमीटरचे अंतर गाडी सुमारे २१ मिनिटांत कापते.

इटलीचे शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली एक गोष्ट मांडली. माणूस पायी जावो की मोटारीने, दिवसाकाठी प्रवासाला साधारण एक तास देतो. वाहन वेगवान झाले की वेळ वाचत नाही, घर लांब जाते. तासाहून फार अधिक वेळ जाऊ लागला की तो झोपेतून, जेवणातून, मुलाबाळांतून कापला जातो.

मात्र सरासरीने फसू नका. तालुक्याचे ज्वारीचे सरासरी उत्पन्न आपल्या शेताला लागू पडते का? कालव्याच्या मुखाशी असणाऱ्याला पाणी मिळते आणि शेपटाचा शेतकरी वाट पाहतो, कालवा एकच. शहराचेही तसेच आहे. म्हणून मुलगा किंवा मुलगी शहरात धाडताना, किंवा शहरातले स्थळ पाहतानाही, एवढे विचारा:

१) घराच्या उंबऱ्यापासून कामाच्या दारापर्यंत किती वेळ? नुसता गाडीचा नव्हे.
२) वाटेत गाडी किती वेळा बदलावी लागते?
३) पावसाळ्यात काय होते?
४) रात्रपाळी असल्यास परतीला वाहन आहे का? मुलींच्या बाबतीत हे आधी विचारा.
५) कामाजवळची खोली थोडी महाग असली, तर वाचणाऱ्या तासांत ते भाडे निघते का?

शक्य असेल तर नोकरी पत्करण्यापूर्वी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, एकदा स्वतः तो प्रवास करून पाहा. बी पेरण्यापूर्वी उगवण तपासतो, तसेच हे.

तो मुलगा नाशिकला गेला. संध्याकाळी तो आता यंत्र-दुरुस्तीचा वर्ग करतो आणि सुगीला घरी येतो. प्रत्येकाने हेच करावे असे माझे म्हणणे नाही. कुणाला मुंबईतच पुढची वाट सापडेल. हिशेब मात्र पुरा करावा. पगाराबरोबर वेळही त्याच वहीत लिहावा.