सोळा बिटांची गफलत आणि न्हावा शेवाचे कंटेनर

परंदवडीहून उर्से टोल नाक्याकडे गेलं की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कंटेनरांची रीघ दिसते. चाकण-तळेगावच्या कारखान्यांतला निर्यातीचा माल असाच घाट उतरून न्हावा शेवाला जातो. २७ जून २०१७ रोजी त्या बंदरातलं एक टर्मिनल अडून बसलं. वादळ नव्हतं, संपही नव्हता. मार्स्क या जहाजवाहतूक समूहाची एपीएम टर्मिनल्स चालवते त्या ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’चे संगणक बंद पडले होते. कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत आहे, कुठल्या जहाजावर चढायचा आहे, हा सगळा हिशेब त्या संगणकांत. तो गेल्यावर हातानं काम रेटायची वेळ आली.

हे काम ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामचं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते सुटलं आणि काही तासांत देशोदेशी पसरलं. खंडणी मागत असलं तरी पैसे भरून माहिती परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. पसरण्यासाठी त्यानं वापरलेल्या हत्यारांपैकी एक होतं ‘इटर्नलब्लू’. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं ते घडवलं होतं आणि ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीनं १४ एप्रिलला ते चव्हाट्यावर आणलं होतं.

इटर्नलब्लू ज्या फटीतून शिरतं ती विंडोजच्या कर्नलमध्ये होती. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळं त्याच्या हुकमात, आणि त्याच्यावर देखरेख करणारं वर कुणी नाही. नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याचं काम करणारा ‘एसआरव्ही’ हा ड्रायव्हर याच गाभ्यात चालतो. बाहेरून आलेली एक यादी जुन्या ओएस/२ पद्धतीतून नव्या पद्धतीत बदलताना तो तिची लांबी मोजायचा. लांबी ३२ बिटांत साठवलेली, पण दुरुस्त करताना फक्त खालचे १६ बिट लिहिले जायचे. समजा, यादीनं आपली लांबी ६५,५३६ सांगितली आणि त्यातला ग्राह्य भाग ६५,३७३ निघाला. लांबी कमी व्हायला हवी. पण वरचा जुना एकचा आकडा तसाच राहून ती १,३०,९०९ झाली! जागा छोट्या आकड्याची राखलेली, माहिती मात्र मोठ्या आकड्याप्रमाणे ओतली जायची. खाचराचा बांध फुटून पाणी शेजारच्या भातात शिरावं, तशी ती शेजारच्या मेमरीत शिरायची. तिथं काय लिहिलं जावं हे हल्लेखोर ठरवू शकत असे, आणि मग संगणक त्याचाच. पासवर्ड नको, कुणी काही क्लिक करायलाही नको.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. मायक्रोसॉफ्टनं या चुकीची दुरुस्ती (पॅच) १४ मार्चलाच दिली होती, म्हणजे हत्यार उघड होण्याच्या महिनाभर आधी. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या आणखी एका खंडणीखोर प्रोग्रामनं याच फटीतून ब्रिटनची रुग्णालयं अडवली, तरी जूनमध्ये पॅच न लावलेले संगणक शिल्लक होतेच. आणि नॉटपेट्यानं तर आणखी एक वाट शोधली होती. एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड चोरायचे आणि त्यांच्या जोरावर पॅच लावलेल्या शेजाऱ्यांतही घुसायचं. त्यामुळे एक दुबळा संगणक अख्ख्या जाळ्याला भोवायचा. मार्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

प्रोग्रामरला दोष देऊन हे भागत नाही. विंडोज, लिनक्स यांची कर्नलं मुख्यतः सी भाषेत लिहिलेली आहेत. राखलेल्या जागेबाहेर लिहू नको, असं सी आपणहून सांगत नाही. ते भान माणसानं ठेवायचं, लाखो ओळींमध्ये, वर्षानुवर्षं. आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशाच चुकांतून येतात, हे मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये स्वतःच मांडलं. रस्ट ही भाषा यातल्या बऱ्याच चुका कंपाइल होतानाच अडवते आणि उरलेल्या काही प्रोग्राम चालताना थांबवते. डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये रस्टला पहिल्यांदा जागा मिळाली. पुढच्या वर्षी विंडोज ११ च्या कर्नलमध्येही रस्टमध्ये लिहिलेला भाग आला. जुन्या सीच्या डोंगरापुढे हे अजून थोडंच आहे, पण काही नवा कोड तरी रस्टमध्ये लिहायला सुरुवात झाली आहे.