घाटाखालचं गिधाड, घाटावरचं मढं

केळदच्या पुढे मढे घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं, की पायाखाली एकदम कोकण सुरू होतं. समोर शिवथरचं खोरं, उजव्या हाताला लांबवर लिंगाणा आणि रायगड, आणि हवा स्वच्छ असली तर त्यांच्याही पलीकडे समुद्राकडे उतरत गेलेल्या डोंगरांच्या ओळी. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. माणसाला वरंध घाट उतरून, महाड-म्हसळा करत श्रीवर्धनला पोहोचायला अर्धा दिवस लागतो. ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या हवेवर तरंगणारं गिधाड मात्र पंख फारसे न हलवता एका दिवसात शंभर किलोमीटरहून अधिक फिरू शकतं.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) इथल्या पक्ष्यांचा विषय निघाला, की लोकांना भाटघरचं पाणी आठवतं, नसरापूरच्या बनेश्वरची झाडी आठवते. कोकण किनाऱ्यावर चाललेल्या पक्षिसंवर्धनाशी घाटमाथ्याचा काही संबंध असेल, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. माझं म्हणणं असं, की रायगड-रत्नागिरीत गेल्या पाव शतकात जे काम उभं राहिलं, त्याचा उरलेला अर्धा भाग घाटावर व्हायला हवा. आणि तो पक्षिमित्रांनी नव्हे, गुरं पाळणाऱ्यांनी, गुरांच्या डॉक्टरांनी आणि देवस्थानच्या पंचांनी करायचा आहे.

गिधाडांपासूनच सुरुवात करू. १९९० पर्यंत गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं, की तासाभरात आभाळात घिरट्या सुरू होत आणि दुसऱ्या दिवशी तिथे नुसता सांगाडा उरे. साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, हे दृश्य डोळ्यांपुढे येतं. मग पंधरा वर्षांत गिधाडं गेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. एवढ्या वेगाने एखादा पक्षी नाहीसा होण्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. आधी रोगाचा संशय होता, उपासमारीचा होता. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून खरं कारण पुढे आलं. सांधेदुखी, ताप, सूज यांवर गुरांना सर्रास टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावलं, तर ते त्याच्या मांसात राहतं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, शरीरात आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो आणि दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो.

यातला एक हिशेब प्रत्येक गोठ्यापर्यंत पोहोचायला हवा. संशोधकांनी काढलेल्या गणितानुसार १३० ते ७६० मढ्यांमागे एकाच मढ्यात हे औषध असलं, तरी एवढी घट होण्यास ते पुरेसं ठरतं. कारण एका मढ्यावर पन्नास-साठ गिधाडं उतरतात. त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे एका गावातल्या एका इंजेक्शनने जी हानी होते, ती भरून यायला दशक जातं. नव्याण्णव गोठ्यांनी काळजी घेतली आणि शंभराव्याने घेतली नाही, तर नव्याण्णवांची मेहनत वाया.

भारत सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या औषधाची कुपीही ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांच्यावर गुरांसाठी बंदी आली, २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर. पर्याय उपलब्ध आहेत. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही दोन औषधं गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत. गाईचं दुखणं तसंच राहू द्या, असं कुणी म्हणत नाही. कुपीवरचं नाव वाचून घ्या, एवढंच मागणं आहे.

आता घाटाखाली काय झालं ते पाहू. महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांची सीस्केप ही संस्था म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या परिसरात गिधाडांसाठी काम करत आली. तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात. महाड तालुक्यात नाणेमाचीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं कपारींत वसतात. चिरगावची पद्धत साधी होती. गावकऱ्यांना विश्वासात घ्यायचं, घरट्यांची झाडं तुटू द्यायची नाहीत, मेलेली जनावरं गिधाडांना खायला मिळतील अशी सोय करायची. ज्याच्या मालकीच्या जागेत झाड उभं आहे, त्याला ते तोडण्याचा मोह कधी ना कधी होणारच. तो होऊ नये, यासाठी त्याच्याशी वर्षानुवर्षं बोलत राहणं हेच इथलं खरं संवर्धन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं आणि या भागातली मोठी झाडं आडवी झाली, त्यात घरट्यांची झाडंही गेली. वीस वर्षांची कमाई काही तासांत उन्मळून पडली, तरी लोकांनी काम सोडलं नाही.

पण गिधाड चिरगावात झोपलं, तरी जेवायला कुठे जाईल याचा नेम नाही. अन्न शोधताना ते घाट चढून वर येऊ शकतं. वरंध घाटाच्या वर, पानशेत-वरसगावच्या मागे, गुंजवणीच्या खोऱ्यात जिथे गुरं आहेत, तिथे एखाद्या मेलेल्या म्हशीच्या अंगात चुकीचं औषध असेल, तर चिरगावकरांनी राखलेला पक्षी घाटावर मरायचा आणि त्याचा पत्ताही कुणाला लागायचा नाही. आणखी एक गोष्ट बदलते आहे. मेलेलं जनावर हल्ली खड्डा काढून पुरलं जातं. औषधोपचार चाललेलं जनावर पुरणंच योग्य, त्यात दुमत नाही. पण म्हातारपणाने मेलेला, औषध न घेतलेला बैल गावापासून दूर ठरलेल्या जागी गिधाडांसाठी ठेवता येईल का, याचा विचार ग्रामपंचायत आणि वनखात्याने मिळून करायला हरकत नाही. नाहीतर विषबाधा टळली, तरी उपासमार टळायची नाही.

हे पक्ष्यांवरच्या दयेपुरतं आहे, असंही समजू नये. गिधाडं संपल्यावर मढी कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झालं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने गिधाडांच्या अभावामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा माणसं दगावल्याचा अंदाज मांडला आहे. गावाबाहेरच्या त्या घिरट्या कुठल्या सरकारी खात्याच्या पगारावर नव्हत्या, तरी सार्वजनिक आरोग्याचं काम त्या करत होत्या.

कोकणातलं दुसरं उदाहरण वेळासचं. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव आज कासव महोत्सवासाठी ओळखलं जातं. पण त्याची सुरुवात पक्ष्यापासून झाली. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही भाऊ काटदरे यांची संस्था किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाची पाहणी करत होती. २००२ मध्ये त्या फिरण्यात वेळासला कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. घरटी माणसं आणि कुत्री-कोल्हे उकरत होते. संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरून अंडी राखायला घेतली आणि २००६ पासून पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोकांना बोलावलं. पाहुणे गावातच घरोघरी राहू लागले, जेवू लागले. ज्या घरात पाहुण्यांच्या पंगती बसतात, ते घर अंडी उकरणारा दिसला, तर गप्प बसत नाही. याच संस्थेने वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरच्या गुहांत पाकोळ्यांची लाळेची घरटी चोरून परदेशात पाठवली जातात, हे उघड केलं आणि वनखात्याच्या साथीने ती चोरी थांबवायला घेतली. पुढे या पाकोळीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण मिळालं.

किनारा सोडून दूरचं उदाहरण घ्यायचं, तर नागालँडमधल्या दोयांग जलाशयाचं घेतो, कारण ते भाटघरकाठच्या माणसाला लगेच उमजेल. धरणाच्या काठावर लाखोंच्या संख्येने उतरणाऱ्या अमूर ससाण्यांना मासेमारीच्या जाळ्यांत पकडून विकलं जाई. २०१२ मध्ये त्याची चित्रफीत जगापुढे आली. पांगती आणि आसपासच्या गावांनी ठराव केला, चर्चमधून सांगितलं गेलं, आणि २०१३ च्या हंगामात तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. उपग्रहाच्या यंत्राने माग काढलेले यातले काही ससाणे महाराष्ट्रावरून समुद्राकडे आणि तिथून न थांबता आफ्रिकेला जाताना दिसले. नोव्हेंबरात सह्याद्रीच्या आभाळात असा ससाणा दिसला, तर त्याच्या जिवंत असण्यात दूरच्या एका गावसभेचा वाटा असतो.

भोर-वेल्ह्यात गावाने मिळून राखलेला असा शेजार आधीपासून आहे, तो देवरायांचा. शिरकोलीच्या शिरकाईसारख्या रायांमध्ये देवाच्या धाकाने कुऱ्हाड चालली नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांचं मोल पुस्तकात नोंदलं गेलं. गावाला ते आधीच माहीत होतं. धनेश पक्ष्याचं उदाहरण घ्या. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि चिखलाने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते आणि फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर आठवडेच्या आठवडे उंबर, नांदरूक यांची फळं आणून तिला भरवतो. एवढी मोठी ढोली वीस वर्षांच्या झाडात नसते. आज देवरायांना कुऱ्हाडीपेक्षा जीर्णोद्धाराचं भय जास्त आहे. देऊळ मोठं बांधायचं, सभामंडप घालायचा, फरशी करायची, म्हणून ‘पोकळ झालेलं, कधीही पडेल असं’ झाड आधी काढलं जातं. तेच धनेशाचं घर असतं. देवीच्या मंदिराला शोभा आणायची तर आणा, पण रानाला हात लावण्याआधी त्या झाडाकडे तीन-चार महिने कुणीतरी नजर ठेवा.

धरणांच्या काठांबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरतं, कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि गाड्या थेट नदीपात्रात उतरतात. उघड्या पडणाऱ्या अशाच गोट्या-वाळूत टिटवी, नदी सुरय यांसारखे पक्षी उन्हाळ्यात अंडी घालतात. गाडी रस्त्यावर ठेवून चालत गेलं आणि कुत्रं बांधून ठेवलं, तरी खूप झालं. आणि फोटो काढणाऱ्यांनी घरट्याचा ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये, पक्ष्याची ध्वनिमुद्रित साद वाजवून त्याला घरट्यावरून उठवू नये.

राहिला निसर्ग शिक्षणाचा भाग. दुर्बीण गळ्यात घालून पुण्याहून आलेले पाहुणे शाळेत एक तास चित्रं दाखवतात, ते वाईट नाही, पण त्याने फार काही रुजत नाही. वेल्ह्यातल्या शाळेतली मुलं याहून मोलाचं काम करू शकतात. आपल्या वाडीतल्या आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारायचा: गिधाडं तुम्ही शेवटची कुठे आणि कधी पाहिली? धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्याचं उत्तर जिथे आहे, तिथे कुठलंही संशोधन पोहोचलेलं नाही. ही उत्तरं ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत लिहायची. २००२ च्या जैवविविधता कायद्याने तशी समिती आणि नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीला दिलेली आहे; ती कपाटात धूळ खात असेल, तर मुलांनीच ती मागावी.

त्यासाठी मुहूर्तही आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. भोर आणि वेल्ह्याच्या पंचायत समित्यांनी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांनी येत्या सप्ताहात एवढं करावं: प्रत्येक दवाखान्याच्या दारावर बंदी असलेल्या चार औषधांची आणि सुरक्षित दोन औषधांची नावं मोठ्या अक्षरांत मराठीत लावावीत, आणि ज्यांच्या दावणीला गाय-म्हैस आहे त्यांनी इंजेक्शन देण्याआधी कुपी हातात घेऊन वाचावी.