दिशा सापडत नसेल तेव्हा

चिंचपोकळीच्या चाळींत तरुण आम्हाला विचारतात, "कंत्राटी नोकरी धरू, की परीक्षेला आणखी एक वर्ष देऊ?" केसपुत्ताच्या कालामांचाही असाच गोंधळ उडाला होता. तथागत म्हणाले, शंका योग्यच आहे. केवळ परंपरा किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा.

१९२८चा गिरणी संप आठवा. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. मग संपात उतरायचे कशासाठी? बाबासाहेबांनी संपनेत्यांना हेच विचारले. खाते खुले करण्याची मागणी त्यांनी अखेर नाइलाजाने मान्य केली.

आम्हीही तरुणांना तयार उत्तर देत नाही. कागदावर घरभाडे, कर्ज लिहायला लावतो. आईवडिलांनाही शेजारी बसवतो.